राजा असता तर बरं झालं असतं का? एका कोल्हापूरकराचं उत्तर

मी कोल्हापूरचा म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. मध्यंतरी आपल्याकडे पक्ष फुटले, सरकारं बदलली, तेव्हापासून तर जास्तच. "तुम्ही राजर्षी शाहूंच्या गावचे. खरं सांगा, या सगळ्यांच्या वर एखादा राजा असता, इंग्लंडात असतो तसा, तर बरं झालं नसतं का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: नाही. आणि शाहू महाराजांवर जीव आहे म्हणूनच नाही म्हणतो.

राजाच्या बाजूने सांगण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट आमच्याच गावात घडली आहे. महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे कामाला होते. जातीने अस्पृश्य. सवर्णांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. महाराज परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला लावला. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल उभं राहिलं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? मग महाराजांनी आपली गाडीच त्या हॉटेलासमोर थांबवायला सुरुवात केली. स्वतः चहा घ्यायचा आणि सोबतच्या मंडळींनाही पाजायचा. महाराज पितायत म्हटल्यावर नको कोण म्हणणार?

त्या काळात निवडून आलेलं एखादं सभागृह असतं तर त्याने हे केलं असतं असं मला वाटत नाही. २६ जुलै १९०२ चा मागासांना ५० टक्के जागांचा हुकूमही त्याने काढला नसता, आणि १९१७ चा सक्तीच्या मोफत शिक्षणाचाही. मतांचं गणित आडवं आलं असतं. हे प्रामाणिकपणे कबूल करूनच पुढे बोललं पाहिजे.

पण जरा गंगारामांच्या जागी उभं राहून बघा. हौदाला शिवल्याबद्दल दाद मिळाली, ती हे महाराज होते म्हणून. चहा खपला, तोही हे महाराज होते म्हणून. ६ मे १९२२ ला शाहू गेले, अवघ्या ४७ व्या वर्षी. पुढचा राजा गाडी थांबवणार की नाही, हे विचारायचा अधिकार गंगारामांना नव्हता. आता आपल्या संविधानाचं कलम १५ काढून वाचा. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. या ठिकाणी जातीवरून कुणालाही अडवता येणार नाही. ही यादी वाचताना मला दर वेळी तो हौद आणि ते हॉटेल दिसतं. ज्यांना शाहूंनी १९२० च्या माणगाव परिषदेत 'हा तुमचा पुढारी' म्हणून लोकांपुढे उभं केलं, ते बाबासाहेबच मसुदा समितीचे अध्यक्ष होते. राजाच्या मर्जीने जे मिळत होतं, ते आता कुणाच्याही मर्जीवर नाही.

शिवाय गादीवर शाहूच येतील याची हमी कोण देणार? याच गादीवरचे राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले, ऐन तारुण्यात. मग चौथे शिवाजी महाराज दत्तक आले, लहान वयात. त्यांना वेडं ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं गेलं आणि २५ डिसेंबर १८८३ ला पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. त्यांच्या छळाबद्दल कारभाऱ्यांवर लिहिलं म्हणून टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. रयत फक्त बघत राहिली. आता म्हणाल, हे इंग्रजांचं पाप. खरं आहे. पण गादीवर पोर बसलं की ते कुणाच्या तरी हातात जाणारच; इंग्रज नसते तर दुसरं कुणी असतं. १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांच्या घरातून शाहू दत्तक आले. त्यांच्या आधी त्या गादीने काय काय पाहिलं, ते मात्र आपण सोयीने विसरतो.

राहिला पक्षांच्या वर असणाऱ्या तटस्थ राजाचा मुद्दा. स्पेनमध्ये १९८१ चा लष्करी उठाव राजा हुआन कार्लोस ठाम राहिले म्हणून फसला, हे त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण नेपाळच्या राजा ज्ञानेंद्रांनी १ फेब्रुवारी २००५ ला सगळी सत्ता स्वतःकडे घेतली, आणि २००८ मध्ये तिथली राजेशाहीच गेली. इंग्लंडात २०१९ मध्ये पंतप्रधानांनी पार्लमेंट तहकूब करायचा सल्ला दिला. राणीने तो मानला, कारण न मानायची सोयच नव्हती. ते बेकायदा ठरवलं सर्वोच्च न्यायालयाने. आपल्याकडेही जून २०२२ मध्ये राज्यपालांनी बहुमत चाचणीचा आदेश दिला, तो योग्य नव्हता, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला स्पष्ट सांगितलं. निकाल उशिरा आला आणि सरकार परत आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यावर इलाज हवा तर न्यायालयं लवकर निकाल देतील असं बघा, पक्षांतराचा कायदा घट्ट करा. राजवाडा बांधून त्यातलं काय सुधारणार आहे?

आणि आमच्या मनातला गादीचा मान कुठे गेलेला नाही. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींच्या उपस्थितीत सोनं लुटायला अख्खं गाव लोटतं, मीही जातो. तरीही २००९ च्या लोकसभेला संभाजीराजे उभे राहिले तेव्हा कोल्हापूरने सदाशिवराव मंडलिकांना निवडून दिलं. २०२४ ला शाहू छत्रपती उभे राहिले, गल्लोगल्ली फिरून त्यांनी मतं मागितली, आणि आम्ही त्यांना दिल्लीला पाठवलं. पुढच्या खेपेला त्यांना पाठवायचं की दुसऱ्या कुणाला, तेही आम्हीच ठरवणार.