पाच नावांचा कागद

ही गोष्ट 31 ऑक्टोबर 2019 ची. वसईतल्या एका धर्मग्रामाच्या (म्हणजे एका देवळाच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजाच्या) ऑफिसात तेव्हा मला नऊ वर्षं झाली होती. बाप्तिस्म्याचे दाखले काढायचे, लग्नाची कागदपत्रं बघायची, कबरस्तानाची नोंद ठेवायची आणि मिस्सांची वही लिहायची, ही माझी कामं. मिस्सा म्हणजे येशूच्या क्रुसावरच्या बलिदानाची उपासना, ती कुणाच्या तरी नावाने अर्पण करता येते.

नोव्हेंबर हा आमच्याकडे मृतांचा महिना. 2 तारखेला सर्व मृतांचा दिवस. त्याआधी घरोघरची माणसं कबरी धुतात, चुना लावतात, झेंडू-शेवंती आणून ठेवतात. त्या आठवड्यात ऑफिसच्या दारापासून थेट वडाच्या पारापर्यंत रांग लागते आणि प्रत्येकाच्या हातात एक कागद असतो. कागदावर घरातल्या गेलेल्यांची नावं.

त्या वर्षी ऑफिसच्या भिंतीवर नवा फ्लेक्स होता. वित्त समितीने ठरवला आणि मजकूर मी टाईप केला. वर मोठ्या अक्षरात ‘मिस्सांचे दर’. खाली साधी मिस्सा, गायनासह मिस्सा, खास मिस्सा (एकच नाव, पडद्यावर फोटोसह), नव्या घराला आशीर्वाद, गाडीला आशीर्वाद. प्रत्येकापुढे आकडा, आणि कोपऱ्यात मोबाईलने पैसे भरायचा चौकोनी कोड. आधी तिथे एक पिवळा पडलेला कागद होता, त्यावर ‘देणगी’ असं लिहिलेलं होतं. ‘देणगी’च्या जागी ‘दर’ मी लिहिलं. ओळ लहान होती, शब्द नेमका बसत होता. तपासून घ्यायला दिलं तेव्हा कुणी हरकत घेतली नाही, मलाही काही खटकलं नाही. ते न खटकणं आज मला सगळ्यात जास्त सलतं.

समितीतली माणसं लोभी नव्हती. देवळाचं छप्पर गळत होतं, विजेचं बिल वाढत होतं, शाळेतल्या दोन शिक्षिकांचा पगार धर्मग्राम देत होतं. पैसा कुठून तरी यायला हवाच. जो वेदीची सेवा करतो त्याने वेदीवरच जगावं, हे प्रेषित पौलानेही बायबलमधल्या पत्रात करिंथकरांना लिहिलंय. जुन्या काळी लोक भाकरी, द्राक्षारस, धान्य घेऊन यायचे, पुढे त्याची नाणी झाली. देणं वाईट नाही, याबद्दल माझं मन अजूनही स्वच्छ आहे.

सकाळी एक गृहस्थ आले. वडिलांसाठी खास मिस्सा हवी होती. पैसे भरले, पावती घेतली आणि म्हणाले, “त्या मिस्सेत दुसऱ्या कुणाचं नाव वाचायचं नाही हां. मी पूर्ण पैसे भरलेत.”

नियमाने बघितलं तर त्यांचं चूक नव्हतं. चर्चच्या कायद्यातलं 948 वं कलम सांगतं की ज्या ज्या हेतूसाठी (म्हणजे ज्याच्या नावाने किंवा ज्या कारणासाठी) देणगी घेतली, त्या प्रत्येकासाठी वेगळी मिस्सा व्हायला हवी. दहा जणांकडून पैसे घेऊन एकाच मिस्सेत सगळ्यांना गुंडाळू नये, म्हणून हा नियम. 1991 मध्ये रोमने त्यात थोडी सूट दिली. लोकांना आधी सांगून, त्यांच्या संमतीने अनेक हेतू एकत्र घेता येतील, पण आठवड्यातून दोनच दिवस, असा तेव्हाचा नियम होता. श्रद्धावंताची फसवणूक होऊ नये एवढाच त्यामागचा विचार. तोच नियम त्या सकाळी गाडीत खिडकीची जागा राखून ठेवल्यासारखा माझ्यासमोर आला. मी मान हलवली आणि वहीत ‘एकच नाव’ असं लिहून खाली रेघ ओढली.

अकराच्या सुमाराला ती आजी आली. हिला मी ओळखत होते. पहाटेच्या गाडीने फुलं घेऊन दादरला जायची, हल्ली गुडघ्यांमुळे घराच्या ओट्यावरच भाजी विकायची. नातवाने वहीच्या पानावर नावं लिहून दिली होती. पाच नावं. नवरा, थोरला मुलगा, सासू, बहीण आणि शेवटी नुसतं ‘बाळ’.

तिने रुमालाची गाठ सोडली, नोटा मोजल्या, फ्लेक्सकडे बघितलं आणि मला विचारलं, “बाय, एवढ्यात किती नावं बसतील?”

मी म्हटलं, “एकच, आजी.”

वाद घालायचं तिच्या मनातही आलं नाही. बाजारात उभं आयुष्य काढलेली बाई, लिहिलेल्या भावापुढे काय बोलणार? “मग खोड,” म्हणाली. तिला लिहिता येत नव्हतं. मी पेन घेतलं.

“सासू खोड. तिची गेल्या वर्षी केली.” मी रेघ मारली. “बहीण खोड, तिचे मुलगे करतील.” रेघ. “नवरा...” थोडं थांबून म्हणाली, “तो समजून घेईल.” रेघ. मग बराच वेळ गप्प. मागे रांगेत चुळबुळ सुरू झाली. शेवटी मुलाच्या नावावर बोट ठेवून म्हणाली, “हा मोठा होता. शोधील रस्ता. बाळाला तिथे कोण ओळखणार?”

चौथी रेघही मीच मारली.

बाप्तिस्मा झालेलं तान्हं मूल सरळ देवाजवळ जातं, त्याला आपल्या प्रार्थनेची गरज नसते, हे मला माहीत होतं. सांगावं असं ओठावर आलंही. पण तेवढं बोलायचं धाडस माझ्यात उरलं नव्हतं. मी पावती फाडली. ती गेली आणि कागद माझ्या टेबलावरच राहिला. दुसऱ्या माणसाला पुढे बोलावताना मला स्वतःचाच आवाज परका वाटला.

दुपारी ऑफिस बंद करून मी तो कागद घेऊन सहायक धर्मगुरूंकडे गेले. प्रमुख धर्मगुरू बाहेरगावी होते. हे फादर वयाने लहान, माझ्या धाकट्या भावाएवढे. त्यांनी कागद पाहिला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं. 947 वं कलम वाचून दाखवलं. मिस्सेच्या देणगीच्या बाबतीत धंद्याचा किंवा व्यापाराचा नुसता भाससुद्धा पूर्णपणे टाळावा, असं त्यात आहे. धंदा तर नकोच, धंदा वाटेल असंही काही नको. मग 945. श्रद्धावंतांच्या, विशेषतः गरिबांच्या, हेतूसाठी देणगी मिळाली नाही तरी मिस्सा अर्पण करावी, अशी धर्मगुरूंना आग्रहाची सूचना. 951 प्रमाणे नाताळ सोडला तर धर्मगुरूने दिवसात कितीही मिस्सा केल्या तरी एकाच मिस्सेची देणगी त्याला स्वतःकडे ठेवता येते. आणि 534 मध्ये असं आहे की प्रमुख धर्मगुरूने प्रत्येक रविवारी एक मिस्सा आपल्या सगळ्या लोकांसाठी करायची. तिचे पैसे नाहीत.

नऊ वर्षं मी ही वही लिहीत होते. रविवारच्या त्या मिस्सेपुढे मी दर आठवड्याला ‘लोकांसाठी’ असं लिहायचे आणि पुढचा रकाना कोरा सोडायचे. तो कोरा का, हे कधी विचारलं नाही.

“आणि परवाचं बघा,” फादर म्हणाले. 2 नोव्हेंबरला प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा करता येतात. पहिलं महायुद्ध चालू असताना, 1915 मध्ये पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ही परवानगी दिली. त्यातल्या एकाच मिस्सेसाठी देणगी घेता येते. दुसरी मिस्सा जगातल्या सगळ्या मृत श्रद्धावंतांसाठी आणि तिसरी पोपच्या हेतूंसाठी. म्हणजे आजीची खोडलेली चारही नावं त्या दुसऱ्या मिस्सेत आधीपासूनच होती. माझ्या चार रेघांनी तिथे काहीच खोडलं गेलं नव्हतं. पण आजीच्या मनात?

या गोष्टीच्याच तारखेला, 31 ऑक्टोबर 1517 ला, जर्मन धर्मगुरू मार्टिन ल्यूथरने आपले 95 मुद्दे मांडले आणि त्यातूनच पुढे प्रॉटेस्टंट पंथ निघाला. जर्मनीत तेव्हा रोमच्या संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामासाठी पापदंडाच्या माफीची पत्रं पैसे घेऊन दिली जात होती. माझी नणंद नगरची, प्रॉटेस्टंट घरात दिलेली. दर वर्षी या दिवशी तिचा फोन येतो. त्या दुपारीही आला. एरवी मी तिला सांगते की 1567 मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैशाला बांधलेल्या त्या सगळ्या माफ्या रद्द केल्या, आमच्या चर्चनेही आपलं घर झाडलं. त्या दिवशी माझ्याने ते म्हणवलं नाही.

शिमोन जादूगाराची गोष्ट मी धर्मशिक्षणाच्या वर्गात दर वर्षी मुलांना सांगते. त्याने प्रेषितांपुढे पैसे ठेवले आणि पवित्र आत्मा देण्याचा अधिकार मागितला. प्रेषितांपैकी पेत्र म्हणाला, तुझा पैसा तुझ्याबरोबरच नष्ट होवो. मुलांना शिमोन लगेच कळतो, विकत घेणारा तो वाईट. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की पेत्राच्या जागी कुणी पावतीपुस्तक घेऊन बसलं असतं, तर शिमोनाला तरी काय दोष द्यायचा?

आदल्याच वर्षी, 7 मार्च 2018 ला, पोप फ्रान्सिस यांनी भर सभेत सांगितलं होतं की मिस्सेचे पैसे नसतात, द्यायचं तर मनाने द्या. ती बातमी मी वाचली होती. तरीही फ्लेक्स टाईप केला होता.

फादरांनी तिथेच वहीत आजीची पाचही नावं लिहायला सांगितली. 2 तारखेची आपली मिस्सा ते त्या पाच जणांसाठी करणार होते आणि पैशाच्या रकान्यात काही लिहायचं नव्हतं. फ्लेक्स उतरवणं त्यांच्या हातात नव्हतं. संध्याकाळी मी ‘दर’ या शब्दावर कोरा कागद चिकटवला. पुढे समितीत बरीच बोलाचाली झाली आणि डिसेंबरात तो खाली आला, पण त्या दिवशी एवढंच जमलं.

अंधार पडल्यावर मी पैसे परत द्यायला आजीच्या घरी गेले. ती ओट्यावर माठाची भाजी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. पाचही नावं होणार, पैसे नकोत. तिने नोटांकडे बघितलं, हात पुढे केला नाही. मग आवाज खाली आणून, कुणी ऐकू नये असं विचारलं, “फुकटची मिस्सा लागते का गं?”

गरिबाची नावं खोडली याचं पाप मी दिवसभर मोजत होते. पण आमच्या फ्लेक्सने तिला त्याहून खोल काही शिकवलं होतं. ज्याला भाव नाही ते देवापर्यंत पोचत नाही, असं. सत्तरी ओलांडलेल्या, रोज जपमाळ करणाऱ्या बाईला.

मी तिच्या शेजारी खाली बसले. म्हटलं, “आजी, क्रुसावर जे झालं त्याचे तू किती दिलेस?”

ती काही बोलली नाही. भाजीची काडी हातात तशीच. मग मी तिला सर्व मृतांच्या मिस्सेचं सांगितलं. ज्यांच्यासाठी कुणी कागद आणत नाही, त्यांच्यासाठीही ती असते, म्हणून सांगितलं. तिने विचारलं, “ज्यांचं कोणीच नाही, त्यांच्यासाठीपण?”

“त्यांच्यासाठीपण.”

तिने पदराला हात पुसले आणि नातवाला हाक मारली. “पेन आण रे. आमच्याबरोबर दादरला यायची ती, तिचं नाव राहिलंय. तिच्या आईचंपण लिही.” नातू पेन घेऊन आला. माझ्या चार रेघा असलेला तो कागद मी ओट्यावर ठेवला, तिने तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं.