परिवीक्षेचं प्रशिक्षण : सगळं अडतं नमुना ६ वर

परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) कामाचं प्रशिक्षण मुंबईत पूर्ण केलं. १९५८ चा परिवीक्षा कायदा, २०१५ चा बाल न्याय कायदा, गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं बघणाऱ्या बाल न्याय मंडळाची रचना हे वर्गात नीट झालं. राग आहे तो एकाच गोष्टीचा. बाल न्याय कायद्याच्या कलम १८ खाली आदेश देताना मंडळ ज्या सामाजिक तपासणी अहवालाचा (म्हणजेच नमुना ६ चा) आधार घेतं, तो लिहायला शिकवण्यासाठी शेवटची एक दुपार!

मुलाला मंडळासमोर पहिल्यांदा हजर केल्यापासून १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल मागवणाऱ्या आदेशाची प्रत येण्याची वाट बघू नका. पोलिसांकडून कळलं की लगेच पालकांचा मोबाइल नंबर घ्या, कारण पत्त्यात फार वेळ जातो. कागदावर जुनी झोपडी, आधारवर गावचा पत्ता आणि कुटुंब संक्रमण शिबिरात, असं इथे सर्रास असतं. अंगणवाडीताईंना घर ठाऊक असतं; पण का शोधताय ते सांगायचं नाही. मुलाची गोपनीयता हे कायद्याचं मूलभूत तत्त्व आहे.

दुपारी जाऊ नका. आई धुण्याभांड्याला, वडील नाक्यावर, दाराला कुलूप. रात्री आठनंतर किंवा रविवारी जा. उत्पन्न, व्यसन, मानसिक आजार हे नमुन्यातले प्रश्न शेजारी दारात उभे असताना विचारले की उत्तर एकच, "सगळं ठीक आहे." त्यासाठी आईशी बाहेर एकटीशी बोला.

कारणांच्या रकान्यात बहुतेक जण "वाईट संगत" लिहून मोकळे होतात. त्यातून मंडळाला काहीच कळत नाही. शाळा कितवीत सुटली, का सुटली, तेव्हापासून मुलगा दिवसभर कुठे असतो, कोणासोबत, हे लिहा. दाखला अडकल्यामुळे शाळा सुटली असेल तर ते दुरुस्त करता येतं, आणि तीच तुमची शिफारस. "समुपदेशन करावे" एवढं पुरत नाही. कोणती संस्था, कोणता वार, मुलाला कोण नेणार, हेही हवं. स्वतः पाहिलेलं आणि "आईच्या सांगण्यानुसार" हे वेगळं ठेवा, उलट प्रश्न तिथेच येतात.

एक राहिलंच : शाळेत गेलात की जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख बघून घ्या. वयाचा वाद निघाला तर कलम ९४ प्रमाणे शाळेचा दाखला आधी बघतात, मग महापालिकेचा. हाडांची तपासणी दोन्ही नसतील तरच.