ह्युमरल म्हणजे दंडाचं हाड नव्हे

सोमवारी सकाळी दूध आणायला निघाले आणि कोपऱ्यावरच्या भटक्या कुत्र्याने पोटरी धरली. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही, थेट दात. सलवार फाटली, दोन दात खोल रुतले, रक्ताचा ओघळ चपलेपर्यंत आला. शेजारच्या काकू धावत आल्या त्या हातात मिरचीपूड घेऊनच. "आधी मिरची भर गं, विष उतरतं!" त्यांना कसंबसं थोपवलं, नळाखाली पाय धरला आणि कपड्यांच्या साबणाने घड्याळ लावून 15 मिनिटं धुतला. रेबीजच्या विषाणूला चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. धुवायचं एवढंच कुठेतरी वाचलं होतं.

घराजवळच्या एका दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, दंडात रेबीजची पहिली लस टोचली, कार्डावर पुढच्या तारखा लिहिल्या आणि मला वाटेला लावलं. मी निर्धास्त. दुपारी पतसंस्थेत जाऊन दिवसाची रोजकीर्दही लिहिली.

रात्री मुलगी लसीच्या खोक्यातला तो घड्याघड्यांचा कागद उलगडून बसली होती. बारावी सायन्सला आहे, असलं काही दिसलं की सोडत नाही. वाचता वाचता म्हणाली, "ह्युमरल रिस्पॉन्स." मी म्हटलं, "दंडाचं हाड ना ते? म्हणूनच दंडात टोचतात." गेल्या वर्षी सासूबाईंचा ह्युमरस मोडला होता, तेव्हा एक्स-रेचं पाकीट घेऊन इतके हेलपाटे घातले की तो शब्द डोक्यात पक्का बसलाय. ती खो खो हसली. "आई, ते ह्युमरल वेगळं. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे." आता देवनागरीत दोन्ही एकसारखेच लिहायचे, यात माझा काय दोष?

मग तिने जीवशास्त्राचं पुस्तकच काढलं. हाडाचा शब्द खांद्यावरून आलाय. हा दुसरा लॅटिनमधल्या 'ह्युमर'वरून, म्हणजे ओल, द्रव. जुन्या ग्रीक वैद्यांच्या हिशोबी शरीरात चार द्रव: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. त्यांच्या कमीजास्त प्रमाणावर माणसाचा स्वभाव ठरायचा, आणि त्या स्वभावावरूनच पुढे विनोदाचा 'ह्युमर' निघाला. (आपल्या वात-पित्त-कफाची आठवण होते खरी, पण आपले तीन आणि त्यातला वात काही द्रव नव्हे.) ते चार द्रव वैद्यकातून केव्हाच हद्दपार झाले, शब्द तेवढा राहिला. आज ह्युमरल इम्युनिटी म्हणजे रक्तासारख्या द्रवांतून फिरणाऱ्या अँटिबॉडींची, म्हणजे जंतूला चिकटून त्याला निकामी करणाऱ्या प्रथिनांची, प्रतिकारशक्ती. बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी त्या अँटिबॉडी तयार करतात. पेशी स्वतः जाऊन लढतात ती प्रतिकारशक्ती वेगळी.

एवढं सांगून ती थांबली आणि म्हणाली, "पण तुझ्या अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागणार. तोपर्यंत काय? जखमेत सिरम, म्हणजे तयार अँटिबॉडींचं औषध, दिलं ना?"

दिलं नव्हतं. रक्त आलेला चावा तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीत धरतात आणि त्यात लसीबरोबर सिरमही लागतं, हे त्याच कागदावर छापलेलं होतं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

मंगळवारी सकाळी सरकारी रुग्णालयात. तिथल्या मॅडमनी आधी वजन केलं. 62 किलो. घोड्याच्या सिरमचं प्रमाण किलोमागे 40 युनिट, म्हणजे 2480. एका बाटलीत 1500, म्हणून दोन बाटल्या फोडल्या. औषध पाण्यासारखं, किंचित पिवळसर. "हा जास्तीत जास्तचा हिशोब. जखमेत मावेल तेवढंच भरायचं," मॅडम म्हणाल्या आणि दाताच्या भोकाच्या कडेने सुई आत घातली. पोटरी आतून फुगत जाते ते कळतं. मी सिस्टरांचा हात असा आवळला की त्या म्हणाल्या, "ताई, माझी बोटं मला नंतर लागणारेत."

विषाणू रक्तातून नाही, नसांमधून मेंदूकडे जातो. त्याला नसेत शिरण्याआधी चाव्याच्या जागीच गाठायचं, म्हणून सगळा मारा जखमेवर. आमच्या भाषेत सांगायचं तर सिरम ही उसनवारी. घोड्याने तयार केलेल्या अँटिबॉडी, त्या काही आठवड्यांत संपतात. लस ही स्वतःची ठेव, उशिरा पिकते पण आपली असते. सिरम पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आतच का द्यायचं, हेही मॅडमनी सांगितलं. तोवर आपली ठेव वाढायला लागते, त्यात उसनं ढवळायचं नाही.

अशी उसनवारी करता येते, हेच तर 1890 मध्ये बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी दाखवलं. घटसर्प आणि धनुर्वाताविरुद्ध तयार झालेल्या प्राण्याच्या रक्तातला नुसता द्रव दुसऱ्या प्राण्याला दिला, तरी तो वाचला. बेरिंगना 1901 चं, म्हणजे वैद्यकाचं पहिलंच नोबेल मिळालं. पेशीच खऱ्या लढतात म्हणणारे मेच्निकॉफ आणि द्रवाच्या बाजूचे अर्लिख यांना 1908 मध्ये ते विभागून दिलं. भांडणाचा असा निवाडा आमच्या संचालक मंडळाला कधी जमला नाही.

पुढे तिसरा, सातवा, चौदावा आणि अठ्ठाविसावा दिवस. चौदाव्याला पोटरीची सूज पूर्ण उतरली होती. शेवटच्या दिवशी कार्डावर सही घेताना विचारलं, "पुन्हा चावलं तर हे सगळं पहिल्यापासून?"

"नाही. सिरम नको. त्याच दिवशी एक आणि तिसऱ्या दिवशी एक, दोनच लसी. शरीराला आता ओळख राहते. पण कार्ड जपा."

कार्ड रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलंय. त्याच्या मागे मुलीने पेनाने लिहून ठेवलं आहे: ह्युमरल, हाड नव्हे.