वाकळीचा भाव टाक्यांच्या ओळींवर

फोनवर वाकळीचं, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधडीचं, नुसतं माप विचारलं, पाच बाय साडेसात फूट, आणि बावीसशे बोलून बसले. चूक तिथंच झाली.

दुसऱ्या दिवशी शहापूरच्या ताई गाठोडं घेऊन आल्या. सासूबाईंच्या तीन सुती इरकली नऊवारी, एक नायलॉनची पाचवारी, आणि नमुन्याला घरातली जुनी वाकळ. (आमची कानडी गिऱ्हाइकं हिलाच कौदी म्हणतात.) नमुन्यावर पट्टी ठेवली, तर दोन ओळींत अंतर अर्धा इंच. मी भाव धरला होता एक इंचाचा.

"माप तेच आहे की हो, मावशी!"

माप तेच, पण अंतर निम्मं केलं की दोरा आणि हात दुप्पट. साडेसदतीस चौरस फुटांत इंचाच्या अंतरानं ४५० फूट धावदोरा, अर्ध्या इंचानं ९००. कर्नाटकातल्या हल्याळकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी समाजातल्या) बायका कडेपासून आत फिरवत टाके नेतात; तसं घाला की सरळ घाला, फूट तेवढेच. पाच थरांतून तासाला २५ फूट होतात. त्यावर जोडणी, टाचण आणि काठ यांचे आठ तास. तासाला ६० रुपये, खालचं कापड आणि दोरा ६००. म्हणजे सव्वातीन हजार.

ताईंचा चेहरा उतरला. मग लुगडी उलगडली. एक नऊवारी साधारण १०० चौरस फूट, पण बसायच्या जागी विरलेलं पाव कापड जातंच. वरचा आणि मधले तीन असे चार थर दोन लुगड्यांत जेमतेम बसतात, शिवणीला तिसरं हवंच. इरकलीचा रेशमी पदर मात्र जपायचा: जुनं रेशीम ओढ बसली की फाटतं, म्हणून खाली मलमल आणि वर दाट टाके. तो मध्ये घेतला, तीन बाय चार फूट, अर्ध्या इंचानं. बाकी सगळं इंचानं. ५९४ फूट. हिशेब अडीच हजारांवर आला, निम्मे आगाऊ.

खालचं लाल कापड आधी धुवायचं, ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून रंग बघायचा. न धुता लावलं तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वाकळ चुण्या धरते.

नायलॉन मी घेतलं नाही. थर सरकतात, ओळ वाकडी जाते. ताईंनी ते पिशवीत परत कोंबलं. भांडेवाली घेईल.