चादरीची घडी

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

तालमीहून आत्ता आले, सदाशिव पेठेत सगळीकडे पाणी तुंबलंय, पाय अजून ओले आहेत पण आज लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

वर्गातल्या मुलांना जोडीने एकेक प्रवेश बसवायला दिलाय आणि ह्या दोघांनी नटसम्राट मागितलं. १९७० साली आलेलं नाटक, पण पुण्यातला नाटकवेडा मुलगा म्हटला की त्याला अजूनही आप्पासाहेब बेलवलकरच करायचे असतात, तेही स्वगत. मी म्हटलं स्वगत नाही, आप्पा आणि त्यांच्या बायकोचा, कावेरीचा प्रवेश घ्या. तोंडच उतरलं त्याचं.

पाठांतर दोघांचं चोख, अक्षर इकडचं तिकडे नाही, तरी आठवडाभर प्रवेश काही उभा राहीना. आज खुर्ची ओढून अगदी जवळ बसले तेव्हा दिसलं, ती बोलत असताना ह्याचे ओठ बारीक हलतायत. तिचं वाक्य संपतंय कधी आणि आपलं घेतोय कधी, एवढंच चाललेलं. आणि ती त्याच्या डोळ्यांत नाही, कपाळाकडे बघत होती.

ह्यात चूक माझी आहे. पहिल्या वाचनाला मीच वाक्यं म्हणून दाखवली, इथे पॉज घे, इथे आवाज खाली आण, इथे मान वळव. मुलांनी ते फोनवर रेकॉर्ड करून आपापल्या घरी घोटलं, मग एकत्र आल्यावर काय होणार, दोन तयार एकपात्री शेजारीशेजारी उभे. शाळेपासून एकपात्रीच्या स्पर्धा करत आलेली मुलं ही, समोरच्याचं ऐकायची सवय लागणार कुठून.

मग संहिता काढूनच घेतल्या. आधी भूमिका बदलून करायला लावलं, त्याने फार फरक पडला नाही. मग माळ्यावरून सतरंज्यांखालची जुनी सोलापुरी चादर काढली, म्हटलं दोघं मिळून घडी घाला आणि घालताघालता प्रवेश म्हणा. चादरीचं असं आहे की समोरच्याने ओढली की आपल्याला हात सैल करावाच लागतो, नाहीतर सुटते. दोनदा सुटलीच. तिसऱ्यांदा टोकं जुळवायला दोघं जवळ आले, त्याने आपली टोकं तिच्या हातात द्यायची होती आणि तो द्यायचा थांबला. वाक्य त्याचं होतं. बोललाच नाही. तीनचार सेकंद नुसता पंख्याचा आणि पावसाचा आवाज, मग तिने हळूच त्याच्या बोटांतून टोकं काढून घेतली तेव्हा तो बोलला, आणि तो आवाज त्याचा स्वतःचा होता, मी म्हणून दाखवलेला नव्हता! माझ्या अंगावर काटा आला. वहीत आज एक टीप लिहिली नाही.

नंतर चहा पिताना दोघांना विचारलं, पहिल्या संचात कावेरी कोणी केली होती? डॉ. लागूंचे आप्पा दोघांना माहीत, शांता जोगांचं नाव दोघांनाही माहीत नाही, जी कावेरी करतेय तिलाही नाही. फार वाईट वाटलं मला. आप्पा जिला सरकार म्हणतो तीच समोर धड उभी नसेल तर तो बोलणार कोणाशी?

उद्या सातला तालीम. चादर काढून घेणार आहे, रिकाम्या हातांनी करायला लावणार. नाही जमलं तर परत देईन, अजून पंधरा दिवस आहेत.