तोंडाक ॲसिड?
मालवणच्या दमट हवेत माझं कपाळ म्हणजे बारमाही तेलाचा घाणा. त्यात घरचं खोबरेल. केसांना चोपडायचं, ते घामासोबत खाली उतरायचं आणि केसांच्या कडेने बारीक पुळ्यांची रांग लागायची. चार महिन्यांपूर्वी २ टक्के सॅलिसिलिक ॲसिडचं सीरम आणलं. बाटली बघून आई म्हणाली, "तोंडाक ॲसिड? याड लागला काय गो तुका?"

हे ॲसिड तेलात विरघळतं, म्हणून तेलकट रंध्रात शिरून आत साचलेली मृत त्वचा सैल करतं. एवढं वाचलं आणि मी रोज रात्री लावत सुटले. आठव्या दिवशी नाकाच्या कडेची सालं निघायला लागली. स्कूटरवरून देवबागला जाताना घाम ओघळला, तर मिरची कुटलेला हात लागल्यासारखं झोंबलं. (चूक माझीच. खोक्यावर 'सुरुवातीला आठवड्यातून दोनदा' असं स्पष्ट लिहिलं होतं.)

पंधरा दिवस बंद ठेवलं. आता फक्त सोमवारी आणि गुरुवारी रात्री, कोरड्या चेहऱ्यावर दोन-तीन थेंब, वर साधं मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन, पावसाळ्यातसुद्धा. दीडेक महिन्याने कपाळ गुळगुळीत लागायला लागलं. जुने काळे डाग मात्र हटायचं नाव घेत नाहीत.

खोबरेल आता फक्त वेणीच्या शेंड्याला. आईला ते अजून पटलेलं नाही.