पांढऱ्या पेशी ३८,०००

हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या नेहमीच्या तपासण्या होत्या. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ३८,००० निघाल्या. निरोगी माणसात त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. कुठेतरी जंतुसंसर्ग असेल म्हणून सात दिवसांची अँटिबायोटिक्स मिळाली. नंतरचा आकडा ४६,०००. रिपोर्टखाली पॅथॉलॉजिस्टनी एक ओळ लिहिली होती : अपरिपक्व पेशी दिसतात, हिमॅटॉलॉजिस्टना दाखवावे. ती ओळ मी घरी येऊन तिसऱ्यांदा वाचली तेव्हा कुठे डोक्यात शिरली.

हिमॅटॉलॉजिस्ट कोण, हे मला माहीत नव्हतं. कॅन्सरची शंका म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर, इतकंच ठाऊक. आम्ही आधी एका ऑन्कॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट पाहून सरळ सांगितलं, "मी गाठींच्या कॅन्सरवर उपचार करतो. हे रक्ताचं आहे, रक्तविकारतज्ज्ञांकडेच जा." त्यांच्या या स्पष्टपणाबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. काही डॉक्टर दोन्ही शाखा शिकलेले असतात, दारावर हिमॅटो-ऑन्कॉलॉजी अशी पाटी असते. पण कुणाचा रोजचा हात कशावर बसलेला आहे, हे आधीच विचारलेलं बरं.

रक्ताच्या डॉक्टरांकडे येणारे सगळे कॅन्सरचेच असतात ही समजूत तिथल्या बाकावर बसल्यावर गेली. शेजारी थॅलेसेमियाची मुलगी होती, रक्त चढवायला आलेली. एकांना हिमोफिलिया होता, गुडघ्यात रक्तस्राव झाल्यानं पाय लांब करून बसले होते. एका बाईंच्या प्लेटलेट्स पुन्हा पुन्हा कमी होत होत्या.

हिमॅटॉलॉजिस्ट मॅडमनी माझा कागद बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न केला, "स्लाइड आणलीत?" ती आणायची असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी लगेच नवीन रक्त काढून काचपट्टी करून घेतली, स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि मलाही पडद्यावर दाखवली. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, पेशी टप्प्याटप्प्यानं वाढतात आणि तयार झालेल्याच रक्तात उतरतात. माझ्या रक्तात मात्र सगळ्या टप्प्यांतल्या पेशी एकदम आल्या होत्या. मग त्यांनी पोट तपासलं. डाव्या बरगडीखाली प्लीहा चार बोटं वाढलेली. दोन घासांत पोट भरायचं ते तिच्या दाबामुळे; वयामुळे असेल असं मी कित्येक महिने धरून चालले होते.

बोन मॅरोच्या, म्हणजे अस्थिमज्जेच्या, तपासणीची मी फार धास्ती घेतली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कुशीवर झोपवतात, कमरेमागच्या हाडाच्या उंचवट्यावर भूल देतात. कातडी आणि हाडाचा वरचा पापुद्रा बधिर होतो, आतली मज्जा होत नाही. त्यामुळे सुई आत गेल्यावर नुसता दाब जाणवला, पण सिरिंजनं मज्जा ओढली तेव्हा एक कळ मांडीपर्यंत सणकत गेली. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, "आता पाच अंक मोजा." मी चारपर्यंत मोजले आणि कळ ओसरली. मग हाडाचा काडीएवढा तुकडा काढला. अर्धा तास त्याच जागेवर दाब देऊन उताणी पडून राहिले. दोन दिवस जागा ठणकली, एवढंच.

रिपोर्ट यायला दोन आठवडे लागले. ते दिवस सुईपेक्षा जड गेले. तोवर काउंट आटोक्यात ठेवायला हायड्रॉक्सियुरिया, युरिक ॲसिड वाढू नये म्हणून एक गोळी आणि भरपूर पाणी.

निदान झालं : क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, हळू वाढणारा रक्ताचा कॅन्सर, पहिली अवस्था. मॅडमनी कागदावर दोन गुणसूत्रं काढली, ९ आणि २२. दोघांचे तुकडे तुटून एकमेकांना जोडले जातात, त्यातून बीसीआर-एबीएल हे जनुक तयार होतं आणि ते पेशींना सतत वाढायला लावतं. ते आखूड झालेलं २२ वं गुणसूत्र नोवेल आणि हंगरफोर्ड यांनी १९६० मध्ये फिलाडेल्फियात पाहिलं, म्हणून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. ही अदलाबदल असल्याचं जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. त्या जनुकाच्या प्रथिनाला अडवणारं इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याआधी आजार मुळापासून काढायचा तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण हाच मार्ग होता. मी कागदाकडे बघत राहिले. माझी गोळी माझ्या निदानाच्या कितीतरी आधी तयार होऊन बसली होती, आणि त्यामागे अख्ख्या आयुष्यांची मेहनत होती.

४०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जेवणासोबत, मोठा पेला भरून पाणी. सकाळी डोळे सुजायचे, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. दर तीन महिन्यांनी रक्तातलं बीसीआर-एबीएल मोजायचं. तिसऱ्या महिन्यात ते १० टक्क्यांखाली हवं, सहाव्यात १ च्या आणि बाराव्यात ०.१ च्या खाली. माझे आकडे ६.२, मग ०.८. वर्षाअखेरीस आला ०.१४.

"गोळ्या चुकल्यात का?" मॅडमनी विचारलं. मी आधी नाही म्हणाले. मग रडू आलं आणि खरं सांगितलं : पोटऱ्यांत गोळे येऊन झोप मोडायची, म्हणून दोन महिन्यांत तेरा दिवस गोळी घेतलीच नव्हती. घरातही कुणाला माहीत नव्हतं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे तुम्ही सांगितलं नसतं तर औषध लागू पडत नाही असं मी समजले असते." त्यांनी पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम तपासलं, मॅग्नेशियम कमी निघालं, त्यावर उपचार केले. गोळे पूर्ण थांबले नाहीत, पण झोप लागू लागली. गोळी एकही चुकवली नाही.

आकडे जुळवून पाहायचे तर तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये आणि आंतरराष्ट्रीय मापावर करून घ्यावी, हे मी नव्या रुग्णांना आवर्जून सांगते. शिवाय स्लाइड सोबत न्यावी. आणि चुकलेल्या गोळ्यांचा हिशेब डॉक्टरांपासून लपवू नये.

पंधराव्या महिन्यात ०.०६ आला. गोळी कधी बंद होईल, असं मी विचारलं. काही रुग्णांची होते, पण बरीच वर्षं आकडा खूप खाली टिकल्यावर आणि नंतरही वारंवार तपासण्या ठेवून, असं मॅडम म्हणाल्या. हर्नियाच्या ऑपरेशनला मात्र त्यांनी त्याच दिवशी परवानगी दिली. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची आहे.